जुना जमा केल्याशिवाय नवा नाही

"बाई, जरा वापरायला द्या की."

एवढं म्हणून ते ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभे राहायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाहीत. खाकी पँटच्या डाव्या मांडीवर ऑईल पुसून पुसून झालेला काळा डाग, उजवा तळहात पुढे केलेला, आणि चेहरा असा, की या माणसाने जन्मात कुणाकडे काही मागितलं नसावं. मागायचे मात्र दवाखान्याचं सामान. कधी व्हॅसलिन, कधी स्पिरिट, कधी चिकटपट्टीचं रीळ. व्हॅसलिन बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरू नये म्हणून, चिकटपट्टी रेडिएटरच्या चिरलेल्या नळीला गुंडाळायला. वापरायला नेलेलं व्हॅसलिन परत कसं येणार, असं मी सुरुवातीला विचारत असे. पुढे विचारणं सोडलं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी सांगलीची. नर्सिंगचा कोर्स संपला आणि पहिली नेमणूक झाली ती पाटणच्या पुढे, एका आडबाजूच्या खोऱ्यातल्या आरोग्य केंद्रात. डॉक्टर, मी, एक शिपाई, एक जीप आणि तिचे हे ड्रायव्हर, एवढाच आमचा संसार. ते सैन्यात गाड्या चालवून निवृत्त झालेले, आणि जीपही सैन्यातूनच बाद होऊन आलेली. दोघांची पेन्शन एकदमच सुरू झाली, असं डॉक्टर म्हणायचे. सगळं खोरं त्यांना मामा म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागले.

त्या जीपला किती किंमत होती ते सांगायला हवं. खोऱ्याच्या तोंडाशी नदीवर पूल होता, तो एका पुरात गेला. नवा व्हायचा होता, म्हणजे खांबांच्या सळ्या गंजत उभ्या होत्या. एस. टी. पलीकडच्या फाट्यावर थांबायची आणि तिथूनच तोंड फिरवायची. ट्रकवाले पात्रातल्या गोट्यांना भिऊन आत येत नसत. बैलगाडी सोडली तर नदी ओलांडणारं वाहन एकच, आमची जीप. अडलेली बाळंतीण असो, साप चावलेला असो, जीप चालू असली तर कराड, बंद असली तर देव.

त्यामुळे मामांचं लक्ष सदा तिच्याकडे. गाडी बिघडली की माणसं घाबरून भलतीकडेच हात घालतात, असं त्यांचं म्हणणं. "आधी पेट्रोल का करंट, एवढंच बघायचं," ते सांगायचे. "दोनातलं एक न्हाई म्हणून बंद पडली. तिसरं कारण हुडकत बसायचं न्हाई." प्लग काढायचा, इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठिणगी पडते का बघायची. पडली, तर प्लगचं टोक नाकाशी धरायचं. कोरडं असेल तर पेट्रोल येत नाही, भिजलेलं असेल तर जास्त येतंय. भर उन्हात चढावर बंद पडली, तर पेट्रोलची नळीत वाफ झाली समजायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि सावलीत बसायचं. फाट्यावर कुणाचा ट्रॅक्टर अडला, कुणाची फटफटी अडली, तरी हीच पोथी ते सुरू करत. ऐकणाऱ्याला ऐकायचं असो नसो.

आता असं सांगितलं की वाचणाऱ्याला वाटतं, माणूस मोठा जाणता असणार. तसं काही नव्हतं. एकदा एका बाळंतिणीला घेऊन निघालो आणि नदीच्या अलीकडे जीप थांबली. मामांनी प्लग पाहिले, पॉईंट घासले, वाहनाच्या सात पिढ्या काढल्या, आणि शेवटी बॅटरी बसली असा निवाडा देऊन आम्हाला ढकलायला लावलं. मी, शिपाई आणि बाळंतिणीची सासू. घामाघूम होऊन चढ संपवला, तेव्हा टाकीत काडी घालून बघायची त्यांना आठवण झाली. टाकी कोरडी होती. सासूबाईंनी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मामा सगळं खाली मान घालून ऐकत होते.

आणखी एकदा मी सुट्टीला सांगलीला निघाले तर म्हणाले, येताना चांगली हळद आणा. मला वाटलं, मामींना हवी असेल. आईने घरची, स्वतः निवडून कुटलेली हळद पुडीत बांधून दिली. मामांनी माझ्या डोळ्यांदेखत त्यातल्या दोन मुठी रेडिएटरमध्ये ओतल्या. गळती हळदीने बुजते म्हणे. बुजलीही, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या खेपेला आईने विचारलं, "आवडली का गं हळद त्यांना?" तेव्हा मी काय सांगणार? लय आवडली, म्हटलं.

सामान खरेदी करताना मात्र ते एकदम वेगळे माणूस होत. लस आणायला कराडला गेलो की एका पार्टच्या दुकानात तासभर तरी मोडायचाच. दुकानदार चाचा त्यांना ओळखून होते. मामा रबराचा तुकडा हातात घेऊन वास घ्यायचे, नख रुतवायचे, दुमडून बघायचे. खोकं नवं आणि आत जुनाच भाग घासूनपुसून ठेवलेला, असले प्रकार त्यांना तोंडपाठ होते. जीप इतकी जुनी होती, की तिचे भाग नुसत्या नावाने मागून चालत नसे. जुना भाग नमुन्याला नेऊन भोकाला भोक जुळवून बघावं लागे. येताना मला सांगायचे, "बाई, ध्यानात ठेवा. जुनं हातात घेतल्याबिगर दुकानात जायचं न्हाई. आन नवं हातात आल्याबिगर जुनं सोडायचं न्हाई." मला हे ध्यानात ठेवून काय करायचं होतं? पण राहिलं ध्यानात.

जीपचं खरं दुखणं होतं ते तिच्या पेट्रोल पंपाचं. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ओढणारा मुठीएवढा पंप, त्यात एक पातळ पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल येत नाही. असला पडदा बाजारात मिळेना. एके दिवशी मी बाळंतपणाच्या खाटेवरचं रबरी कापड धुवायला काढलं, आम्ही त्याला मॅकिंटॉश म्हणतो, तर त्याच्या कोपऱ्याला एक गोल भोक. आठवड्याने दुसरं भोक. मी तडक जीपपाशी गेले. मामांनी नाकारलं नाही. पेट्रोलने ते कापड फुगतं, थोडे दिवस टिकतं, मग दुसरं कापावं लागतं, असं शांतपणे समजावून सांगितलं. मी खूप बोलले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, गाडी बंद पडली तर आमच्या मंडळींचं काय?"

आता मामींविषयी. केंद्राच्या मागेच त्यांची खोली होती. चाळिशीच्या आतबाहेरच्या, गोऱ्या, हाडापेराने बारीक. लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप आकसली होती. पाणी भरून आणलं तरी धाप लागायची. अधूनमधून छातीत पाणी चढायचं, मग आडवं झोपता यायचं नाही, रात्ररात्र भिंतीला टेकून बसायच्या. अशा वेळी इंजेक्शन देऊन थोडी उसंत मिळे, पण खरा इलाज म्हणजे ऑक्सिजन आणि मोठा दवाखाना. आदल्या पावसाळ्यात दोनदा मामांनी त्यांना वेळेवर कराडला पोचवलं होतं. पावसाळा त्यांना बाधायचा. त्यांना मूल नव्हतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "त्येंना गाडीचं येड हाय असं समदी म्हणत्यात. गाडीचं न्हाई गं बाय." पुढे बोलायला त्यांना श्वास पुरला नाही.

त्या वर्षी वैशाखातच त्यांच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की यंदाचा पावसाळा कठीण आहे, गाडी अशी हवी की हाक मारली की निघाली पाहिजे. त्या दिवसापासून मामांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मॅकिंटॉशच्या पडद्यावर त्यांचा भरवसा उरला नाही. डॉक्टरांनी पाटणच्या पोस्टातून सातारला, जिल्ह्याच्या सरकारी भांडाराला फोन लावला. जुन्या जीपचा एक पंप शिल्लक आहे, घेऊन जा, असं उत्तर आलं. अट एकच, जुना जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही.

या अटीला मामा आजवर कधी बधले नव्हते. भांडाराचं नाव काढलं की थुंकायचे. पण त्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने जीपचा पंप उतरवला, फडक्यात बांधला आणि फाट्याकडे चालत निघाले. मी ड्रेसिंगच्या खोलीतून पाहत होते. जाताना ते मामींच्या दारात थांबले आणि उद्या येतो म्हणाले. पंपाविना जीप शेडमध्ये उभी राहिली. इतकी वर्षं ज्याने जगाला उपदेश केला, तो माणूस बायकोच्या जिवासाठी स्वतःचाच नेम मोडून गेला.

सातारला काय झालं ते मला नंतर कळलं. खिडकीवर जुना पंप घेतला गेला, जमा म्हणून सही झाली, जेवणानंतर नवा घेऊन जा म्हणाले. जेवणानंतर सांगितलं, तो पंप सकाळीच दुसऱ्या तालुक्याच्या जीपला दिला गेला, पुढचा माल येईल तेव्हा येईल. मामा म्हणाले, मग माझा जुना द्या. जमा झालेला माल परत देता येत नाही. शिवाय तो भंगाराच्या खोलीत गेला आणि खोलीची किल्ली ज्यांच्याकडे, ते पुण्याला गेले. मामांनी हात जोडले, पाय धरले. फाटका, ठिगळ लावलेला, भंगारातला पंप मागत होता हा माणूस, आणि भांडारवाल्यांना वाटलं असेल, याचं डोकं फिरलंय. मला त्या खिडकीमागच्या माणसाचा आजही राग येतो. तोही नियमानेच वागला, हे कळतं, तरी येतो.

संध्याकाळभर ते सातारच्या दुकानांतून फिरले. रात्र स्टँडवर काढून सकाळी कराडची दुकानं पालथी घातली. जो तो एकच विचारी, नमुना कुठे आहे? नमुना जमा झाला होता. आमच्या चाचांनी माळ्यावरची सगळी खोकी खाली काढली, मामांनी डोळे मिटून बोटांनी मापं घेतली, त्यातल्या त्यात जवळचा वाटला तो पंप उचलला आणि एस. टी. धरली.

इकडे त्याच सकाळी मामींच्या छातीत पाणी चढलं. मी गेले तेव्हा त्या चुलीपाशी दोन्ही हात जमिनीला टेकून बसल्या होत्या, ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. आम्ही त्यांना केंद्रात आणलं, लोडाला टेकवून बसवलं. डॉक्टरांनी असेल नसेल ते इंजेक्शन दिलं. ऑक्सिजनची टाकी रिकामी होती, भरायला कराडलाच न्यावी लागे. शिपाई सायकलवरून पाटणला वाहन शोधायला धावला. एक ट्रकवाला फाट्यापर्यंत येतो म्हणाला, पण नदीत उतरायला तयार होईना, आणि मामींना फाट्यापर्यंत उचलून किंवा बैलगाडीच्या रेंगाळत्या हिसक्यांत न्यायला डॉक्टर धजेनात. खाटेवर आडवं केलं की त्या गुदमरत होत्या. दुपारपर्यंत मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. जीप समोरच्या शेडमध्ये होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

मामा आले ते पळतच. फाट्यावरच त्यांना कळलं होतं. आत आले, बायकोकडे एकदा बघितलं आणि जीपखाली गेले. आणलेला पंप बसेना. भोकं जुळली, पण आतली दांडी आखूड पडत होती. इंजिन फिरायचं आणि पंप तसाच निवांत. त्यांनी तो काढला आणि दूर भिरकावून दिला. मग मिनिटभर नुसते बोनेटवर हात टेकून उभे राहिले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "बाई, सलाईनची नळी द्या."

मी दिली. त्यांनी टाकीतलं पेट्रोल एका पत्र्याच्या डब्यात उपसलं. जीपचं बोनेट काढून टाकलं. डबा काचेच्या चौकटीला दोरीने उंच बांधला, नळीचं एक टोक डब्यात सोडलं, दुसऱ्या टोकाने तोंडाने पेट्रोल ओढलं, थुंकलं आणि नळी कार्बोरेटरला जोडली. पंप नाही तर नाही, पेट्रोल वरून खाली आपोआप येईल. डॉक्टरांना शेजारी बसवून नळीचा चिमटा त्यांच्या हातात दिला. कमी झालं तर ढिला करा, वास आला तर आवळा. जीप सुरू झाली. मामींच्या खोलीतली वाकळ मागे अंथरून मी त्यांना छातीशी धरून बसवलं.

नदीच्या पात्रात पहिल्याच गोट्यावर डबा हिंदकळला, नळीत हवा शिरली आणि इंजिन खोकून थांबलं. मामा उतरले, पाण्यात उभे राहून पुन्हा तोंडाने पेट्रोल ओढलं, पुन्हा जोडलं, पुन्हा सुरू. पलीकडे चढावर पुन्हा थांबली. पाटणपर्यंत किती वेळा थांबली ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी मामा उतरत, ओढत, थुंकत. त्यांचे ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पेट्रोलचं की कशाचं कोण जाणे. प्रत्येक वेळी चढताना विचारत, "बाई, हाय न्हवं?" मी म्हणे, आहेत मामा, चला. मामी मध्येच माझा हात दाबत होत्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

पाटणला डांबरी लागली. डबा स्थिर झाला आणि जीपने वेग घेतला. मला पहिल्यांदाच वाटलं, की पोचतो आपण. वाऱ्याने मामींचे केस माझ्या तोंडावर उडत होते. मी त्यांच्या कानाशी बोलत होते, हे बघा मामी, आलंच, आता सरळ रस्ता आहे.

मल्हारपेठेच्या जरा अलीकडे पुन्हा गाडी थांबली. डब्यातलं पेट्रोल संपलं होतं. मामांनी टाकीतून उपसून घेतलं, ओढलं, जोडलं, आणि बसताना विचारलं, "बाई, हाय न्हवं?"

माझ्या हातावरची पकड सुटली होती. डॉक्टरांनी मागे वळून मनगट धरलं, डोळ्यांची पापणी वर केली, आणि पुन्हा पुढे तोंड करून नळीचा चिमटा धरला. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडी सुरू केली. कराड येईपर्यंत गाडी त्यांनी तेवढ्याच जोरात हाणली. दवाखान्याच्या दाराशी उभी केल्यावर सगळ्यांत आधी तेच आत धावले, लवकर चला म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे ते पायरीवर बसले.

तेरावं करून ते परत आले, ते फक्त बदलीचा अर्ज द्यायला. भांडाराकडून पंप दोनच दिवसांपूर्वी आला होता, एस. टी.च्या पार्सलने, कोरा करकरीत. डॉक्टरांनी खोकं कपाटात ठेवून दिलं होतं, त्यांच्यासमोर काढायचं धाडस होत नव्हतं. मामांनीच ते मागून घेतलं. खोकं उघडलं, पडद्याला नख लावून बघितलं, दांडी बोटाने मापली आणि शेडमध्ये जाऊन पंप बसवला. गाडी काय माझ्या एकट्याची न्हाई, खोऱ्यातल्या माणसांची हाय, असं काहीतरी शिपायाला म्हणाले. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. इतक्या वर्षांत ते तसं कधी लागलं नव्हतं. आम्हाला वाटलं, नदीपर्यंत चालवून बघतील आणि येतील.

ते आले नाहीत. दुपार टळली. शिपाई नदीवर जाऊन बघून आला, चाकांच्या खुणा पलीकडे गेल्या होत्या. डॉक्टर येरझाऱ्या घालू लागले. मी दारातच बसून राहिले. भलतेसलते विचार मनात येत होते आणि ते एकमेकांना सांगायची सोय नव्हती.

उन्हं कलताना जीपचा आवाज आला. मामा उतरले. मी पुढे झाले तर मागच्या बाजूला मामींची वाकळ अंथरलेली होती, त्या दिवशी अंथरली होती तशीच, पाठीला टेकायला माझ्या जागी लोड लावून.

त्यांनी किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली.

"कराडला जाऊन आलो सायेब," ते म्हणाले. "दवाखान्याच्या दारापत्तर. कुठं एकदा बी थांबली न्हाई."